मोडीत गेलेला हंडा

दोस्तांनो, आधी कबुलीजबाब. मी पुण्यात एका पितळी हंड्यापुढं उभा राहून खोटं बोललो. कुणी गळ्याला चाकू लावला नव्हता. एका म्हाताऱ्या बाईनं साधा प्रश्न विचारला आणि मी, कविता करणारा, स्टेजवर मुठी वळणारा, शेपूट घालून खोटं बोललो. ते अजून घशाखाली उतरत नाही म्हणून हे लिहितोय.

झालं असं. एक जानेवारीला कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देऊन आम्ही चौघं रात्री पुण्यात राहिलो. दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता. दोघं म्हणाले शनिवारवाडा बघू. मी म्हणालो, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं, दरवाजा, तट आणि जोती उरलीत, ती बाहेरनं बघा आणि चला. मग कुणीतरी बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय काढलं. जुन्या वाड्यात आहे, जुनी भांडीकुंडी आहेत म्हणाला. भांडी बघायला तिकीट? आमच्यातला एकजण हॉटेलात भांडी घासतो. तो म्हणाला, भांडी बघायचा पगार कुणी देणार असेल तर येतो. त्याला टपरीवर चहा पीत बसवला आणि आम्ही तिघं आत गेलो.

दिनकर गंगाधर केळकर या माणसाबद्दल वाकडं बोलणार नाही. १८९६ चा जन्म, १९९० ला गेले. राजा नावाचा त्यांचा पोरगा लहानपणीच वारला. त्या पोराच्या नावानं त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून वस्तू गोळा केल्या आणि १९६२ साली सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. वीस हजारांच्या वर वस्तू. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. बापाचं दु:ख एवढी जागा व्यापतं हे बघून मी क्षणभर गप्प झालो. शिवाय माणूस कवी. ‘अज्ञातवासी’ नावानं लिहायचे. कवीनं कवीला मानायचं असतं, मानलं. पण अज्ञातवास त्यांनी टोपणनाव म्हणून निवडला होता. आपल्या बापजाद्यांना कुणी निवडायला सांगितलं नव्हतं.

आत काय नाही! अडकित्तेच किती. सुपारी फोडायला एवढी कलाकुसर? पाय घासायच्या वज्र्या, त्यांच्यावर पण नक्षी. समया, लामणदिवे. शेवयांचे सोरे, खोबरं खवायच्या खवण्या, डबे, तपेली, पराती. कोथरूडचा मस्तानी महाल उचलून आणून आत पुन्हा उभा केलाय. जिवंतपणी जिला पुण्याच्या भटांनी पंक्तीजवळ फिरकू दिलं नाही, ती मेल्यावर तिचा महाल तिकीट लावून दाखवायचा, ही ह्या गावाची जुनी खोड आहे.

मी गोदीत पोती वाहतो. कुठलीही वस्तू दिसली की डोक्यात आधी वजन येतं. त्या भांड्यांपुढं मला दुसरं काही सुचेना. ही परात किती किलो, हा हंडा भरल्यावर किती, आडापासून माजघरापर्यंत किती पावलं, आणि कुणाच्या कमरेवर? पाटीवर वस्तूचं नाव असतं, गाव असतं, शतक असतं. ज्या तांबटानं हातोड्याचे हजार ठोके मारून तो घडवला त्याचं नाव नाही. ज्या बाईनं चिंच आणि राख लावून तो घासला तिचं तर नाहीच नाही. पण हे दोघं निदान त्या भांड्याला शिवत तरी होते.

तेवढ्यात ती बाई आली. सत्तरीची असेल. हाताला नातू. एका हंड्यापुढं थांबली आणि तिचा चेहराच उजळला. नातवाला म्हणाली, माझ्या आजीचा सोवळ्यातल्या पाण्याचा हंडा अगदी असा होता हो, कुणाची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही त्याच्यावर! आणि हसली. खरोखर मायेनं हसली. आजी आठवली तिला. मग मी शेजारी उभा म्हणून माझ्याकडं वळून म्हणाली, “तुमच्याकडे होता का हो असा?”

मी म्हणालो, “होता की. आजीकडं. असाच.”

बाई चांगली होती. दुष्ट असती तर सोपं गेलं असतं, दोन शिव्या हासडून बाहेर पडलो असतो. ‘सावली’ हा शब्द तिच्या तोंडून लाडू-चिवड्यासारखा आला. ती सावली कुणाची, हे तिला आठवायची गरज नव्हती. मला होती. आणि मी काय केलं? तिच्या आठवणीत हळूच पाट मांडून बसलो. जसा काही मी त्या माजघरातलाच.

बाहेर पडायच्या आधी मी परत आत फिरलो आणि मडकं शोधलं. कुठलं मडकं? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’वरचं, लाहोरच्या मंडळानं करू न दिलेलं भाषण स्वत: छापलं, त्यात लिहून ठेवलंय ते. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यानं थुंकायला गळ्यात मडकं बांधायचं आणि पावलं पुसायला कमरेला झाडू. ते मडकं कुठाय? अडकित्ता पुण्याचा, वज्री पुण्याची, मग मडकं कुठलं, लंडनचं? मला दिसलं नाही. आतल्या कोठीत वीस हजारांत कुठं पडलं असेल तर बाहेर काढा. नसेल तर नाही म्हणून पाटी लावा. रिकामी काच ठेवा. पण ‘आपला वारसा’ म्हणताना ‘आपला’ म्हणजे कुणाचा ते सांगा.

मला माहीत आहे, आता कुणी सदाशिवपेठी शहाणा म्हणेल, अरे ती साधी स्वयंपाकाची भांडी, त्यात जात कसली आणतोस. मी आणत नाही. भांड्यातच ती कल्हईसारखी बसलेली आहे. त्याच पुस्तकात बाबासाहेब गुजरातेतल्या झाणू गावची हकीकत देतात. १९३५ चा नोव्हेंबर. बऱ्या घरच्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यातून पाणी आणायला लागल्या. बस्स, एवढंच. कुणाच्या विहिरीत उडी मारली नाही, देवळात घुसल्या नाहीत. मातीच्या जागी धातू आला. तेवढ्यासाठी सवर्णांनी त्यांना मारलं. आणि १९३६ च्या एप्रिलात जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याला एकजण तीर्थयात्रा करून आला, त्यानं जातभाईंना जेवण घातलं, पानात तूप वाढलं. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना झोडपलं. तूप त्याचं. पैसा त्याचा. देवपण त्यांचाच! तरीही मार.

आता सांगा, पितळ म्हणजे काय? तांबं आणि जस्त? तुमच्या रसायनशास्त्रात असेल. आमच्यात पितळ म्हणजे मार.

आणि घागरी. महाडच्या घागरी विसरू नका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले हे प्रत्येक भाषणात सांगतो आपण. त्याच दिवशी पुढं काय झालं ते ताटातलं आहे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठवून गुंड मंडपावर चालून आले, तेव्हा आपले लोक जेवत होते. अन्न मातीत कालवलं. जेवणाऱ्यांवर लाठ्या चालवल्या. आणि नंतर तळं शुद्ध करायला शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून एकशे आठ घागरी तळ्यात ओतल्या. एकशे आठ! मी गोदीवाला, मला मोजदाद सुटत नाही. एवढं दूध-दही त्या मार्च महिन्यात कुणाच्या गोठ्यातनं निघालं, किती पोरांच्या तोंडचं काढलं, घागरी कुणी भरल्या, रांग कुठवर लागली? महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती म्हणून ग्रंथ निघतात, थालीपीठ आणि पुरणपोळीचे फोटो छापतात. ही एकशे आठ घागरींची पाककृती कुठल्या ग्रंथात आहे? त्यातली एक घागर, निदान तिचं एक खापर, कुठल्यातरी वाड्यात काचेत ठेवायला हवं होतं. तळ्यावरचा आपला हक्क मुंबई हायकोर्टात पक्का व्हायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं एका ओंजळीसाठी.

कुणी म्हणेल, झालं ते झालं, आता कोण पाळतं. २०१७ चा सप्टेंबर. गाव पुणेच. हवामान खात्यातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसात तक्रार दिली, की स्वयंपाकीण बाईनं ब्राह्मण आहे असं खोटं सांगितलं आणि आमचा सोवळ्यातला स्वयंपाक केला, सोवळं मोडलं. आकाशातले ढग वाचणारी बाई! बोंबाबोंब झाल्यावर तक्रार मागं घेतली. पण पोलीस स्टेशनात ती लिहून घेतली गेली होती हे लक्षात ठेवा. त्या हंड्याचं सोवळं काचेत बंद झालेलं नाही. ते काच फोडून रोज रात्री घरोघर जाऊन येतं. आणि ती स्वयंपाकीण खोटं बोलली की नाही ते तिचं तिला माहीत. बोलली असेल तर पोटासाठी बोलली. मी कशासाठी बोललो?

घरी आल्यावर आजीला सांगितलं. लाज वाटत होती तरी सांगितलं. म्हणालो, आजी, मी एका बाईला थाप मारली, आमच्याकडं पण पितळी हंडा होता म्हणून.

आजी भाकरी थापत होती. थापायची थांबली. “थाप कशापायी? व्हता की.”

“काय होता?”

“हंडा. पितळचा. तुझ्या आज्यानं तांबाकाट्यावरनं आनला व्हता.”

माझा आजा गोदीतच होता. मुंबईला पाला टाकून राहायचा, आजी गावी, साताऱ्याकडं. लग्नाला दोन वर्षं झाली होती म्हणजे १९६९ धरा. पगारातनं साठवून आज्यानं तांबाकाट्यावर हंडा घेतला आणि एस्टीच्या टपावर न टाकता मांडीवर ठेवून गावी नेला. आजीनं तो कमरेवर घेतला आणि आडावर गेली. आडाच्या पायरीवर चढायचं नाही. खाली उभं राहायचं, कुणी दया करून वरनं ओतलं तर घ्यायचं.

“पाटलाची सून वर हुबी व्हती. माझ्याच वयाची. हंड्याकडं बघितलं आन म्हनली, ह्यात न्हाई ओतनार. मडकं घिऊन ये.”

“मग?”

“मग काय. तीन दिस गेले हंडा घिऊन. तीन दिस रिकामी आले. नदीला झरा उकरून पानी आनलं. चौथ्या दिशी मडकं घिऊन गेले. तान्ह पोर व्हतं घरात.”

मारलं नाही कुणी. शिवीसुद्धा दिली नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्याचा कायदा तेव्हा चौदा वर्षांचा घोडा झाला होता. पण कुठल्या कलमात बसवायचं हे? वरून पाणी ओतलं नाही म्हणून फौजदाराकडं जायचं? तो कुणाच्या घरचं पाणी पिऊन खुर्चीत बसला होता?

मी विचारलं, मग त्या हंड्याचं काय केलंस? आजी म्हणाली, बाजरी ठेवली. वरती झाकण आणि झाकणावर बाबासाहेबांचा फोटो. तिच्या घरात हंड्यानं पाणी म्हणून पाहिलं नाही. १९७२ च्या दुष्काळात तर बाजरी पण संपली. खडी फोडायला जायची, मिलो खाऊन दिवस काढायचे. शेवटी हंडा मोडीत घातला. मोडवाल्यानं एक पोचा दाखवून पैसे तोडले. उरलेल्या पैशात माझ्या बापाला काखेत मारून ती मुंबईला आली ती आलीच.

म्हणजे मी बाईला खोटं बोललो असं मला वाटलं आणि ते खरं निघालं. आणि खरं निघालं ते मी बोललो त्याहून भयंकर निघालं. तिच्या आजीच्या हंड्यावर सावली पडू द्यायची नाही आणि माझ्या आजीच्या हंड्यात पाणी पडू द्यायचं नाही. हंडे दोन्ही एकाच तांबट आळीतले असतील. मोडवाल्याकडचा माल पुढं कुठं जातो? काही भट्टीत, काही जुन्या बाजारात, आणि जुन्या बाजारातनं संग्रह करणारा दर्दी माणूस उचलतो. काय सांगावं, कुठल्यातरी वाड्यात कुठल्यातरी काचेमागं आजीचाच हंडा असेल, पोचा ठोकून सरळ केलेला, आणि कुणाची तरी नात त्याच्यापुढं उभी राहून आपल्या आजीचं सोवळं आठवत असेल.

आता खरं भांडण. ते आपल्यातलं आहे.

हे सगळं मी दोस्तांना सांगितलं तेव्हा एकजण, शिकलेला, चांगला वाचणारा, म्हणाला, आपणच एक दलित खाद्यसंग्रहालय काढू. चान्या, रक्ती, वजडी, सगळं मांडू. महोत्सव भरवू. हल्ली लोक येतात म्हणाला, पैसे देऊन खातात. मला आधी पटलं. आजीला विचारलं. ती जी उसळली! “ते आमी सोडलं. बाबासायेब म्हनले सोडा, तवा माझ्या आज्जे-सासूनं गाडगं उकिरड्यावर फोडलं. उपाशी निजली पन शिवली न्हाई. आन तुमी शिकून ती घान काचंत ठिवता व्हय?”

तिचं म्हणणं उडवून लावू नका. मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडा, हे महाडलाच १९२७ साली बाबासाहेब बोलले. आपल्या म्हाताऱ्यांनी ते पाळलं. पोट मारून पाळलं. येसकराची भाकरीची टोपली फेकली, गावकीची कामं टाकली, त्यासाठी मार खाल्ला. ती टोपली चकचकीत करून मांडली तर त्यांच्या उपासाचा अपमान होतो. आणि ज्यांनी ती वेळ आणली त्यांचीच पोरं हातात प्लेट घेऊन ‘चव वेगळी आहे’ म्हणणार. हरामखोरांनो, चव नाही ती. फेकलेल्याला लावलेलं मीठ आहे.

पण गप्प बसा हेही नाही. शाहू पाटोळेंनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिलं, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजायचं ते स्वत:च्या घरापासून मांडलं. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून दलितांच्या जेवणाच्या आठवणींचं पुस्तक निघालं. तिथं सांगणारा आपला आहे, ऐकणारा परका आहे, आणि कशाला म्हणून खावं लागलं तेही जेवणासोबत सांगितलेलं आहे. त्याच २०१५ साली सरकारनं बैलाचं मांससुद्धा गुन्ह्यात घातलं. बाहेरच्या राज्यातलं मांस घरात सापडलं तर गुन्हा, हे कलम हायकोर्टानं २०१६ मध्ये उडवलं, बाकी कायदा ठेवला. म्हणजे आधी मेलेलं खायला लावलं म्हणून बाटलेले, आणि आता ताजं विकत घेऊन खाल्लं तर गुन्हेगार. खायचं तरी काय, तुमची पंचपात्री?

तर माझं म्हणणं असं. आपल्याला वेगळा कोपरा नको. कुणी मोठ्या मनानं देऊ केला तरी नको. गावकुसाबाहेर एक कोपरा हजार वर्षं होताच, आता काचेचा कशाला? हंड्याशेजारी हंडा पाहिजे. त्याच फळीवर. एकाखाली लिहा, यात सोवळ्याचं पाणी असे. दुसऱ्याखाली लिहा, यात पाणी ओतलं गेलं नाही म्हणून बाजरी ठेवली. आणि नक्षीदार अडकित्त्यांशेजारी करवंटी ठेवा, जिच्यात आम्हाला चहा मिळायचा. बघायला येणाऱ्या चांगल्या बायकांना एका नजरेत दोन्ही दिसू देत. नातवानं विचारलं पाहिजे, आजी, ती सावली कुणाची?

जुना वाडाच हवा असेल तर पुण्यात दुसरा आहे. गंज पेठेत, जोतीरावांचा. १८६८ साली त्या माणसानं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या एकोणसाठ वर्षं आधी. आम्ही दोन तारखेला तिथं गेलो नाही, भांडी बघायला गेलो, हा आमचा गाढवपणा. पण गेलो म्हणून आजीचा हंडा सापडला.

वाचणाऱ्यांनी एक काम करा. आज रात्री घरी म्हातारी असेल तर तिला विचारा, आपल्याकडं काय काय भांडं होतं, कुठनं आलं, कशात गेलं, मोडीत गेलं की गहाण गेलं. जर्मलचं ताट असेल, कान तुटका कप असेल, येळणी असेल, जात्याचं पाळं असेल. वस्तू कुणाला देऊ नका. लिहून पाठवा, अंकात छापू. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका, मी पण मॅट्रिकच आहे.

हे लिहिलेलं आजीला वाचून दाखवलं. मध्येच दोनदा डोळे पुसले, मग म्हणाली, बरूबर हाय, फकस्त वजन लिवलं न्हाईस. साडेपाच किलो. मोडवाल्याच्या काट्यावर तिनं स्वत: वाकून बघितलं होतं.